इस्कटलेली आढी

माहेरच्या माळवदाच्या खोलीत शिरलं की आधी वास येतो, मग दिसायला लागतं. बाहेर वैशाखाचं ऊन एवढं पांढरं, की आत आल्यावर डोळे थोडा वेळ कामाचे राहत नाहीत. तेवढ्यात नाक सगळं सांगून मोकळं होतं. जुन्या मातीचा वास, गोणपाटाचा वास, कणगीतल्या ज्वारीचा भुरकट वास, आणि या सगळ्यांच्या खालून हळूच वर येणारा कैरीचा चिकाळ आंबट वास. हा वास एका जागी थांबत नाही. पहिल्या दिवशी आंबट, चौथ्या दिवशी उबट, आणि आठव्या दिवशी असा, की वर गेलेल्या पितरांनासुद्धा आखितीची वाट बघवू नये.

यंदा मी आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दहा दिवस आधीच तलवाड्याची गाडी धरली, आमचं गाव तिथून पायी वाटेवर आहे. भावाचा फोन आला होता, सण झाला की जुनी खोली पाडायची, तिथं स्लॅब टाकायचा, तुझं काही असेल तर बघून घे. माझं तिथं काय असणार? लग्न होऊन तेहतीस वर्षं झालेल्या बाईचं माहेरच्या खोलीत फार तर एखादं भोकाचं पातेलं असतं, आणि तेही भावजयीनं कोंबड्यांच्या पाण्याला घेतलेलं असतं. तरी गेले. आढी लावायला माणूस नाही, असं माय फोनवर म्हणाली होती.

माय आता ऐंशीच्या घरात आहे. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. ती दारात बाजेवर बसते आणि तिथून आढी लावते. म्हणजे ती बोलते आणि मी लावते. मी पहिली कैरी हातात घेतली तोच ती म्हणाली, "इस्कटू नगं."

मी एक्कावन्न वर्षांची आहे. नेकनूरला माझं घर आहे, सून आहे, चालायला लागलेला नातू आहे, आणि गल्लीतल्या दोन-चार बायका माझ्या शब्दाला मान देतात. पण माहेरचा उंबरा ओलांडला की हे दोन शब्द माझी वाट बघत बसलेले असतात.

आमच्या घरात नीट ठेवायला एकच शब्द होता, नीट. नीट असलेलं बिघडवायला मात्र इतके शब्द होते, की मोजायला बसावं तर दिवस मावळावा. आणि त्यातले निम्मे माझ्यासाठीच राखून ठेवलेले होते. सकाळी पहिलं इस्कटलेलं म्हणजे माझं डोकं. सुमन आणि मी एका वाकळेवर झोपायचो. सुमन माझ्या चुलत्याची मुलगी, माझ्याहून सहा महिन्यांनी थोरली. सकाळी उठावं तर तिची वेणी जशीच्या तशी, आणि माझं डोकं म्हणजे वादळात सापडलेलं सुगरणीचं घरटं. मग मी वाकळेची घडी मोडायचे. डाळ निवडायला बसले की चुलती म्हणायची, उसकटू नको, नुसती निवड. अण्णांची पत्र्याची पेटी उघडली की ते बाहेरूनच ओळखायचे आणि म्हणायचे, उचकापाचक कोण करतंय? अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांच्या पेटीत जुने सातबारे, एक बंद पडलेलं घड्याळ आणि कापराची पुडी होती, आणि मला त्या तिन्हींची फार गरज असायची.

माझ्या हातून शेळ्या पांगायच्या. मी वाटेत आले की बैल उधळायचे. गेवराईहून आंबे घ्यायला येणारे बागवान चाचा माझ्याकडे बघून हसत म्हणायचे, छोरी जहाँ बैठी वहाँ बिखर गया. एकदा थोरल्या आत्याच्या मुलीची सोयरीक फिसकटली. तो शब्द सगळे इतक्या हळू आवाजात बोलत होते, की हेही माझ्याच हातून झालं असणार असं समजून मी दिवसभर कणगीमागं लपून बसले. पुढं शाळेत गुरुजींनी फळ्यावर 'विस्कटणे' लिहिलं तेव्हा कळलं, की आपण घरी जे करतो त्याला पुस्तकात जागा आहे. मला फार बरं वाटलं. वाटलं, आता निदान शिकलेल्या पद्धतीनं करू.

अण्णा मला इस्कटी म्हणायचे. रागानं नाही. शेतावरून आले, की खुंटीला टोपी अडकवता अडकवता विचारायचे, "इस्कटी कुठं हाय आमची?" आणि मी कुठं आहे ते आवाजावरूनच कळायचं. काहीतरी पडायचं.

आढी मात्र इस्कटायची गोष्ट नव्हती. ज्यांना आंबा डझनावर मिळतो त्यांच्यासाठी सांगते. आखितीच्या आधी पाडाला आलेल्या कैऱ्या झेल्याच्या जाळीत उतरवायच्या. खाली पडलेली कैरी कितीही देखणी असली तरी आढीत घालायची नाही, तिला आतून मार बसलेला असतो. मग सारवून वाळवलेल्या जमिनीवर कडुनिंबाचा पाला, त्यावर गव्हाचं काड, काडावर कैऱ्या देठ खाली करून एकीला एक लावून, पुन्हा काड, पुन्हा कैऱ्या. वरून गोणपाट. शेप्या आंब्याची ओळ वेगळी, खोबऱ्याची वेगळी. शेप्याला शेपूचा वास यायचा. तो ज्याला आवडतो त्याला दुसरा आंबा गोड लागत नाही, आणि ज्याला आवडत नाही तो त्या ओळीकडं फिरकत नाही.

एवढं झालं की खोलीला कडी. मग आढीत फक्त एका माणसाचा हात जायचा. हा आमच्या घरचा रिवाज होता. एका आढीला एकच हात, चार हात लागले की आढी नासते. रोज दुपारी त्या माणसानं आत जायचं, गोणपाटाची कड उचलायची, न बघता हात आत सारायचा आणि नुसतं चाचपायचं. हाताला ऊब लागायची. एखाद्या झोपलेल्या जनावराच्या पोटाखाली हात घालावा तशी. कुठली कैरी नरम झाली, कुठली अजून दगड आहे, हे बोटांनी कळलं पाहिजे, आणि हात बाहेर आल्यावर आत काही हललेलं असता कामा नये. आखितीला मातीची केळी, म्हणजे छोटी घागर, पाण्यानं भरून, वर आंबा ठेवून पितरांना नैवेद्य दाखवायचा. तोवर घरात कुणाच्या तोंडात आंबा नाही. तो हात वर्षानुवर्षं मायचा होता.

आम्ही दोघी सातवीत होतो त्या वर्षी तो हात माझा झाला.

त्याचं असं, की गावातली शाळा सातवीपर्यंतच होती. पाडव्याला मामा बीडहून आला आणि जेवता जेवता म्हणाला, आमच्या घराजवळ मुलींची शाळा आहे, एक पोरगी मी ठेवून घेतो. एक म्हणजे मीच, सख्खी भाची. मी ताटावरून उठले ती अंगणात तीन चकरा मारून आले. बीड मी दोनदाच पाहिलं होतं. तिथं पुस्तकांची दुकानं होती आणि बायका चप्पल घालून भाजी आणायला जायच्या. पण मामी कडक होती. दोन खोल्यांचं तिचं घर, आणि त्यात वाटी इकडची तिकडं झालेली तिला चालायची नाही. मामा जरा चाचरतच म्हणाला, पोरीला शिस्त पाहिजे.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या वेणीची रिबीन तेव्हा आमटीत होती.

अण्णांनी विचार केला. ते पंचायतीतसुद्धा असाच विचार करायचे, सुपारी कातरत. मग म्हणाले, यंदाची आढी हिच्या हातात देऊ. आखितीपर्यंत नीट राहिली तर जूनला बीड. इस्कटली तर मग बघू. सुमन माझ्या शेजारी बसली होती. तिनं टेबलाखालून हात दाबावा तसा ताटाआडून माझा गुडघा दाबला.

ते नऊ दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत नीट दिवस होते. मी केस ओले करून विंचरायचे. चालताना हात अंगाला लावून चालायचे, काही पडू नये म्हणून. दुपारी घर झोपलं, की मी एकटी माळवदाच्या खोलीत जायचे. छताच्या भोकातून उन्हाचा एक खांब आढीशेजारी उभा असायचा, त्यात धूळ तरंगायची. मी गुडघ्यावर बसून हात आत घालायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. आत सगळं माझ्या ओळखीचं झालं होतं. तिसऱ्या ओळीतला चपटा शेप्या, कोपऱ्यातली जोडकैरी. सहाव्या दिवशी जोडकैरीतली एक नरम पडली आणि दुसरी तशीच, तेव्हा मला इतकं हसू आलं की मी तोंडात पदर कोंबला. म्हणजे परकरच, पदर यायला वेळ होता. बाहेर आल्यावर कडी लावायचे. लावून ओढून बघायचे. चार पावलं जाऊन परत यायचे, पुन्हा ओढायचे. सुमन म्हणायची, आता ती कडी तुझ्या भीतीनं स्वतःच बसंल.

आखिती दोन दिवसांवर आली. दुपारी मायनं मला विहिरीवर पाठवलं, तोरणाला आंब्याची पानं आण म्हणाली. मी आढी चाचपली, कडी लावली, गेले. पानं खुडायला किती वेळ लागतो? तेवढ्या वेळात घरातून आरडाओरडा ऐकू आला.

पुढचं मला वासासकट आठवतं. खोलीचं दार सताड उघडं. काळी शेळी आत, तोंडाला रस लागलेला, दाढी पिवळी. काड दारापर्यंत आलेलं. माझे आंबे कणगीखाली, जात्यामागं, उंबऱ्यात. काही फुटलेले, काही उष्टे, काही तुडवलेले. आणि तो वास. दोन दिवसांनी यायचा तो पिकल्या आंब्याचा वास एकदम, सगळाच्या सगळा, खोलीभर. एवढा गोड वास मला त्यानंतर कधी आला नाही आणि मला तो आजही सोसत नाही.

चुलती म्हणाली, इस्कटली. शेजारीण म्हणाली, पार पांगली. बागवान चाचांनी नुसती मान हलवली. माय चुलीपाशी उभी होती. मी कडी लावली होती, असं मी म्हणाले. दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणताना मला स्वतःलाच दिसेना, की मी ती लावली होती. रोजच्या आठ कड्या आठवत होत्या, नववी आठवेना. आणि शेळीला काही कडी काढता येत नाही. मग मीच म्हटलं, राहिली असंल माझ्याकडून.

अण्णा ओरडले नाहीत. त्यांनी शेळी ओढून बाहेर नेली, परत आले, खाली बसले आणि एक एक आंबा उचलून पाटीत टाकायला लागले. चांगले एकीकडं, गेलेले एकीकडं. मी मदतीला वाकले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाई." इस्कटी म्हणाले असते तर चाललं असतं.

त्या वर्षी पितरांना गेवराईच्या बाजारातला आंबा दाखवला. शेळी पुढच्या बाजारात गेली. रात्री जेवताना मायच म्हणाली, सुमनला धाडा मग. माझ्या भावाचं मी बघते, तो न्हाई म्हणायचा न्हाई. अण्णांनी मान हलवली. जूनमध्ये सुमन माझी ट्रंक घेऊन गेली, कारण ती आधीच रंगवून झाली होती. एसटीत चढताना ती इतकी रडली, की लोकांना वाटलं जबरदस्तीनं चाललीय. मी रडले नाही. मला वाटलं, ज्याच्या हातून चूक झाली त्यानं रडू नये.

पुढं मी दोन वर्षं पायी तलवाड्याच्या शाळेत गेले. मग तेही सुटलं. घरात काम होतं, माय आजारी असायची, भाऊ लहान. मग लग्न. नेकनूरला आल्यावर, दोन मुलं झाल्यावर, बाहेरून दहावीला बसले आणि पास झाले. परीक्षेला जाताना घराची कडी बघायला तीनदा परत फिरले, त्यामुळं पहिल्या पेपराला वीस मिनिटं उशीर झाला. हे माझं जन्माचं झालं. आमचे हे अजून सांगतात, की लग्नानंतर पहिल्यांदा देवाला निघालो तेव्हा हिनं बस थांबवली आणि कंडक्टरला म्हणाली, मी आलेच, कडी बघून. कंडक्टर म्हणाला, बाई, गाडीची बघा, घराची राहू द्या.

असल्या गोष्टी मी स्वतःच सांगते. रंगवून सांगते. प्रत्येक घरात एक बाई असते, जिला लग्नाच्या आदल्या दिवशी मध्ये बसवून म्हणतात, सांग काहीतरी. आमच्याकडं ती मी. आणि माझ्या गोष्टींतली पहिली, सगळ्यांत मागणी असलेली गोष्ट म्हणजे शेळीची. सुमनच सुरुवात करून द्यायची. ती आता बीडला मोठ्या शाळेत मुख्याध्यापिका आहे, तिचे केस आजही जागेवर असतात. ती म्हणायची, अगं सांग ना तुझी आढी. मग मी सांगायचे. शेळीची पिवळी दाढी करून दाखवायचे. कडी विसरलेली मी, पानं घेऊन नाचत येणारी मी, शेळीकडं बघून तोंड वासलेली मी. सगळे हसायचे. माय सगळ्यांत जास्त हसायची, पदरानं डोळे पुसायची. पोरं म्हणायची, आत्याच्या हातात काही देऊ नका, शेळी येईल. मीही म्हणायचे. चाळीस वर्षं होत आली, मी हे म्हणतेय.

अण्णा गेले त्याच्या आधी बीडच्या दवाखान्यात होते. एके दिवशी त्यांनी गळ्यातल्या दोऱ्याची पेटीची किल्ली काढली. मी उशाशी होते, सुमन पायथ्याशी. त्यांनी हात लांब करून किल्ली सुमनला दिली आणि माझ्याकडं बघून हसले. "हिच्याकडं नगं. इस्कटी हाय." मी हसले. त्यांना बरं वाटावं म्हणून नाही, मला खरंच हसू आलं. त्या पेटीत काही नव्हतंच. तेच बंद घड्याळ.

तर यंदाची आढी. दुपार कलली तेव्हा लावून झाली. शेप्याचं झाड पडलं त्याला वर्षं झाली, आता खोबऱ्याच एक उरलाय, त्यामुळं सगळी आढी एकाच जातीची. तरी मायनं दोन ओळी मोडून पुन्हा लावायला लावल्या. गोणपाट टाकलं, बाहेर आले, कडी लावली. अंगणातल्या नळावर चीक धुवायला गेले, परत येऊन कडी ओढून पाहिली. भावजयीनं चहा दिला, तो बशीत ओतला, आणि उठले.

माय बाजेवरून बघत होती. तिसऱ्यांदा मी कडीला हात लावला तेव्हा ती म्हणाली, "बास कर की आता. किती डाव बघशील? त्या दिशी बी लावलीच व्हती तू."

माझा हात कडीवरच राहिला. भावजय आत गेली होती, भाऊ शेतावर. अंगणात आम्ही दोघीच.

"कोणत्या दिवशी?" मी विचारलं, जसं काही मला ठाऊकच नव्हतं.

"शेळीच्या."

"तुला काय ठाऊक, माय?"

ती बाजेचा सुंभ नखानं उकलत होती. कुणी दुखतंय का विचारलं की ती असंच करते. "मीच काढली कडी," ती म्हणाली.

मग तिनं बाकीचं सांगितलं, तेही काही फार नाही. मला पानांना धाडलं. कडी काढली. शेळीचं दावं सोडलं, तिला आत लोटलं, ती जाईना तर एक आंबा फोडून पुढं टाकला. आणि चुलीपाशी येऊन भाकरी थापायला बसली. भाकरी करपली, म्हणाली. त्या दिवसाची करपलेली भाकरी तिच्या लक्षात होती.

"कावून?" मी म्हटलं. नेकनूरला मी 'का' म्हणते. तोंडातून तिथलाच शब्द आला.

"तू गेली असती तर मला या घरात कोण व्हतं?"

मी तिच्याकडं पाहिलं. एवढीशी झालीय. लुगड्यात बाई कमी आणि लुगडं जास्त. तिच्यावर ओरडायला हवं होतं आणि ओरडायला मला तिच्यात जागाच दिसेना, याचाही राग आला. मी विचारलं, अण्णांना माहीत होतं का.

"न्हाई. त्येंला न्हवतं ठाऊक."

हे ऐकून आनंद व्हावा की काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणजे अण्णांनी परीक्षा खरी घेतली होती. मी ती पास झाले होते. आणि मी पास झाल्याचं न कळताच ते गेले. किल्ली सुमनच्या हातात देऊन गेले.

माय म्हणाली, पोरान्ला सांगू नगं. मग म्हणाली, चहा निवतोय तुजा.

मी एवढी बोलणारी. लग्नात, बारशात, दहाव्यालासुद्धा लोकांना हसवून सोडणारी. कितीदा तिच्या समोर बसून मी तिला तिचीच करणी हावभावांसह करून दाखवली होती, आणि तिनं पुन्हा एकदा सांग म्हणून टाळी दिली होती. मला एकेक लग्न आठवायला लागलं. कुठल्या लग्नात मी शेळीचा आवाज काढला, कुठल्या लग्नात नव्या जावयांपुढं स्वतःच्या कपाळावर हात मारून दाखवला. त्या प्रत्येक मांडवात माय पुढच्या ओळीत होती. तिला माहीत होतं आणि ती हसत होती. शेळीनं तरी एका दुपारी आंबे खाल्ले. मी ते उष्टे आंबे इतकी वर्षं लोकांना वाटत फिरले.

अंगणातून मी गोठ्याच्या बाजूला गेले. तिथं मोबाईलला रेंज येते. माझं काहीही झालं की मी आधी सुमनला फोन करते. मुलगा पहिल्यांदा नापास झाला तेव्हा, यांना दवाखान्यात नेलं तेव्हा, सुनेशी बिनसलं तेव्हा. तीही करते. आई-बापानंतर कुणी असेल तर ती, असं मी लोकांना सांगते. दोनदा भलत्यालाच फोन लागला. एका सिमेंटवाल्यानं मला भाव सांगितला.

सुमननं उचलला. शाळेला सुट्ट्या होत्या, ती घरीच होती. आढी लागली का, काकू बरी आहे का, खोली कधी पाडताय, तिनं एका दमात सगळं विचारलं. माझ्या मायला ती काकू म्हणते.

"सुमे," मी म्हटलं, "ती कडी मी लावली होती."

कोणती कडी, असं ती विचारेल आणि मग मी पहिल्यापासून सांगेन, असं मी मनाशी जुळवून ठेवलं होतं. कुठून सुरुवात करायची तेही ठरलं होतं. तिच्या घरातला पंखा ऐकू येत होता.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "काकूनं सांगितलं का तुला?"